तीन सेकंदांना एक किलोमीटर

अलास्काच्या क्रूझवर गुरुनाथने बायकोला, वासंतीला, एक खेळ लावला होता. हिमनदीचा कडा कोसळताना दिसला की मोजायला लागायचं आणि आवाज आला की थांबायचं. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. "फिजिक्सच्या बाई तुम्ही, आणि मोजणार मी?" असं तो चिडवायचा.

मग एका पावसाळी बंदरात त्याला रियाधच्या ऑफिसचा मेल आला. सौदायझेशनमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या जागी सौदी नागरिक नेमण्याच्या सरकारी धोरणात, त्याची जागा एका स्थानिक माणसाला मिळाली होती. त्यानंतर तो डेकवर एकटाच उभा राहू लागला.

रियाधला परतल्यावर नाश्ता करताना वासंतीच्या पहिल्यांदा लक्षात आलं. गुरुनाथचे ओठ आधी हलले, शब्द मागून आले. तिने मनात मोजलं. एक सेकंद. मधलं टेबल तीन फुटांचं होतं.

"कान तपासून घे गं," तो म्हणाला. कानांत दोष निघाला नाही. बाकी सगळ्यांचे आवाज वेळेवर येत होते.

नव्या माणसाला काम शिकवून तो रोज घरी यायचा, तेव्हा आकडा वाढलेला असायचा. चार. अकरा. चाळीस. तिने त्याचा हात घट्ट धरून पाहिला, तरी आकडा कमी झाला नाही.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो दारात वळून काहीतरी बोलला. उत्तराची वाट पाहत तिच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून निघून गेला. लिफ्टचं दार बंद झालं.

वासंती मोजत राहिली. एकशे चाळीसला रिकाम्या दारातून त्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"वासू, आज मला जाऊ देऊ नकोस."