दिवेलागणीचं पाणी

“कुंपणाला हे भोक कधी पडलं?” नवऱ्याने विचारलं.

तिने कपबशी खाली ठेवली. “कुत्रं शिरलं असेल.”

“कुत्रं!” तो हसला आणि त्याने माळ्याला फोन लावला.

घराभोवती प्रिव्हेटचं कुंपण होतं. बारीक, चकचकीत पानांचं हे झुडूप जितकं कापावं तितकं दाट होतं. बाहेरून जाणारे-येणारे कौतुक करत. आतून मात्र ती भिंत होती. फाटकाला कुलूप, किल्ली नवऱ्याच्या खिशात.

मागच्या कोपऱ्यातली ती वाट तिने भाजीच्या सुरीने, एकेक फांदी कापत केली होती. मार ती खात आली होती. पण काल त्याचा हात पहिल्यांदाच चिऊवर पडला. आज अंधार पडताना ती लेकीला घेऊन तिथून निसटणार होती. पलीकडच्या गल्लीत बहीण थांबणार होती. कपड्यांची पिशवी तिथेच पाचोळ्याखाली दडवलेली होती.

दुपारी माळी आला; दर महिन्याला कुंपण छाटायला येणारा, तिच्या अंगावरचे वळ दिसले की खाली मान घालणारा. हातगाडीवर बुंध्याला गोणपाट गुंडाळलेली रोपं होती.

“नीट बुजव, म्हाताऱ्या. कुणी यायला नको, कुणी जायला नको.”

“मुंगीसुद्धा जायची नाही, साहेब.”

नवरा ओट्यावर खुर्ची टाकून बसला, मोबाइलमध्ये मान घालून. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. माळ्याने कात्रीने भोक आधी आणखी रुंद केलं. “रोपांना जागा लागते,” तो पुटपुटला. मग पाचोळा सारला आणि थांबला. चिऊचा लाल फ्रॉक पिशवीतून डोकावत होता.



माळ्याने खिडकीकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. आणि पिशवी पाचोळ्यासकट आपल्या पोत्यात कोंबली.

मेला चोरटा, तिच्या मनात आलं. होतं नव्हतं तेही गेलं.

रोपं लागली. भोक होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. नवरा उठला, वाकला आणि एक रोप हलवून बघायला हात पुढे केला.

“हां हां, साहेब! आज हात नको. नाजूक असतात. वहिनी, दिवेलागणीला पाणी घाला. तुम्हीच घाला, विसरू नका.”

“ऐकलंस ना?” नवरा म्हणाला. “आपल्या हातानेच बंद करून टाक.”

माळी पोतं हातगाडीवर टाकून निघून गेला. त्याच्यामागे फाटकाला पुन्हा कुलूप लागलं.

दिवेलागणीला नवरा आंघोळीला गेला. ती बादली घेऊन कोपऱ्यात आली. चिऊ लंगडत मागोमाग.

“आई, मावशी आली असेल?”

“गप गं. आता कसली मावशी!”

तिने पाणी ओतलं. मातीचा चिखल झाला. तिचा पाय घसरला. पडू नये म्हणून तिने समोरचं रोप गच्च धरलं.

ते हातात आलं.

तिने दुसरं ओढलं. तिसरं ओढलं. एकालाही मूळ नव्हतं, नुसता कात्रीचा तिरका काप. आणि पलीकडे गल्लीत, रुंद झालेल्या भोकासमोर तिची पिशवी ठेवलेली होती. वर लाल फ्रॉक, नीट घडी घातलेला.