रुपरावांचा डाला

"भाऊ, गाडी पाहिजे होती. आत्ताच," कुसुमताई फाटकातूनच म्हणाल्या.

रुपराव पिकअपच्या बॉनेटवर फडकं मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. "कुठं जायचं, तेवढं सांगा ताई."

"हिंगण्याले."

काय न्यायचं, किती वेळ लागेल, असले प्रश्न रुपराव विचारतच नसत. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. पुढे पाच माणसं बसतात आणि मागे सामानाला ऐसपैस डाला. तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. म्हणे, साहेब बनून फिरायचं की भाजी विकायची, एक काय ते ठरवा! आता तेच लोक दार ठोठावतात. कोणाचा फ्रीज आणायचा असतो, कोणाचं रुखवत पोचवायचं असतं, कोणाची कळमन्याच्या बाजारातून संत्री. बर्डीच्या बाजारात गाडी उभी करायला जागा मिळत नाही, मागच्या सीटवरच्या माणसाची कंबर प्रत्येक खड्ड्याला बोंबलते, आणि डिझेल पिते ते वेगळंच. पण गल्लीत शिरली की पोरंटोरं "रुपरावकाकाची गाडी" म्हणत बाजूला होतात. एवढा मान कंपनीत उभा जन्म घासून मिळाला नव्हता.

कुसुमताईंच्या शिवणक्लासच्या खोलीत सामान रचलेलं होतं. तोंड शिवलेली पोती, करकचून बांधलेली खोकी, नवी शेगडी, नवीकोरी गादी.

"हे कोणाचं गा एवढं?" रुपराव स्वतःशीच पुटपुटले.

कुसुमताईंनी दार लोटून घेतलं. "एका बाईचं. नवऱ्याचं घर सोडून राहिली ते. थोडं थोडं करून माह्याकडे आणून ठेवलं तिनं. नवऱ्याले अजून पत्ता नाही. त्याले समजलं तर तो चार माणसं जमवंन, समजूत काढंन, अन् बाई पुन्हा पाघळंन. मंग संपलंच."

रुपरावांच्या अंगात एकदम वीरश्री संचारली. "मारते का तो?"

"नाही."

"दारू पेते?"

"नाही हो भाऊ. त्याले बायको दिसतच नाही. घरात आहे काय अन् नाही काय."

"ताराचंद!" रुपरावांनी मांडीवर थाप मारली.

"म्या कोणाचं नाव घेतलं नाही."

"नका घेऊ. आपल्याले समजलं."

कोपऱ्यावरचा ताराचंद किराणावाला सकाळी गल्ल्यावर बसायचा तो रात्रीच उठायचा. त्याची बायको भरलेली पिशवी घेऊन याच खोलीत शिरताना रुपरावांनी परवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आता त्यांना कोणी काही सांगायची गरज नव्हती. एकेक पोतं त्यांनी स्वतः उचललं, वर ताडपत्री टाकली आणि दोरीला दोन गाठी जास्तच मारल्या.

कोपऱ्यावर नेमका ताराचंद आडवा आला. हात दाखवून त्यानं गाडी थांबवली. शेजारी बसलेल्या कुसुमताई काचेबाहेर बघत राहिल्या.

"रुपरावभाऊ, कोणाचं सामान?"

"क्लासच्या मशिनी. रिपेरिंगले," रुपराव पापणी न हलवता बोलले.

"अच्छा. उद्या कळमन्याहून गव्हाचे कट्टे आणसान का?"

"आणतो ना! आपण कोणाले नाही म्हणत नाही."

गाडी पुढे गेली आणि रुपराव खुदकन हसले. "पाहा, ताई! याच्या नाकासमोरून याचाच संसार नेला, अन् हा गहू मागून राहिला!"

कुसुमताई हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

हिंगणा रोडला रुपरावांचं तोंड थांबेना. "असल्या माणसाले असंच पाहिजे. घरात जित्तीजागती बाई, अन् याचा जीव दुकानात! काहून लग्न केलं मंग? तिले माह्या नावानं सांगा, आता पाघळायचं नाही. नवरा रडत आला तरी ऐकायचं नाही."

"तुम्हीच सांगा तिले," कुसुमताई म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकलं तर बरं वाटंन."

"सांगतो ना. भितो का?"

मग ताईंनी विचारलं, "वहिनी घरी नव्हत्या?"

"काटोलले गेली सकाळीच, एसटीनं. भाचीच्या पोराचं बारसं आहे. आपल्याले बी बोलावणं होतं, पण त्या गल्लीतल्या विक्कीचा सोफा न्यायचा होता ना." रुपरावांनी ऐटीत गिअर बदलला. "गोपिकाचं एक बरं आहे ताई, गाडीचं नावच नाही काढत. लय समजदार बाई."

"हो," कुसुमताई म्हणाल्या. "लय."

एमआयडीसीच्या मागे, कामगारांच्या खोल्यांच्या बोळात, रुपरावांनी गाडी उलटी घातली. दोन्ही बाजूंना हातभर जागा नव्हती. एका दमात, कुठेही न घासता त्यांनी ती शेवटच्या खोलीपाशी लावली आणि खाली उतरून स्वतःच तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. असली गाडी, असला हात! आणि आज तर पुण्याचं काम. एका बाईचा जन्म मार्गी लागत होता आणि तो त्यांच्या डाल्यातून लागत होता. ऊर भरून आला त्यांचा.

त्यांनी गादी खांद्यावर घेतली आणि कोपरानं दार वाजवलं. "उघडा ताई! घाबरू नका. आपलाच माणूस आहे."

आतून कडी निघाली. पदर खोचून, हातात झाडू घेऊन गोपिका उभी होती.

"त्या कोपऱ्यात ठेवा," ती म्हणाली. "आली बाई एकदाची तुमची गाडी माह्या कामाले."