खड्याची टिकली

दृष्टी गेल्यापासून रेवती सगळा स्वयंपाक करायची, तळण सोडून. “तापलेल्या तेलाशी खेळ नको,” ही सासूबाईंची ताकीद. म्हणून आज मुलुंडच्या दुकानात ती डीप फ्रायर निवडत होती. सासूबाई शेजारी फुरंगटून उभ्या होत्या. दुकानदाराने पुढे केलेल्या महागड्या फ्रायरवर तिने बोटं फिरवली. “गुळगुळीत! हाताला काहीच लागत नाही.” दुसऱ्यात झाकण लावूनच जाळी तेलात उतरायची आणि फिरवायच्या बटणाचं टोक बोटाला लागत होतं. “हा बरा,” ती म्हणाली. “पण वड्यांच्या तापमानाचा आकडा कसा सापडेल?” सासूबाईंनी विचारलं. रेवतीने बटणाभोवती चाचपलं; आकडे हाताला लागेनात. सासूबाईंनी कपाळावरची खड्याची टिकली त्या आकड्यावर चिकटवली. “मावशी, अजून घेतला कुठे?” दुकानदार ओरडला. “मग बांध,” म्हणत त्यांनी सुनेचं बोट टिकलीवर टेकवलं. “टोक इथे आलं की वडे सोड. पहिला घाणा देवाला, दुसरा माझा.”