पेरलेली माणसं

घाटमाथ्यावरच्या पत्र्याच्या निवाऱ्यात हिरवी पिकअप उभी होती. मागच्या फाळक्याला पोचा होता. तो रम्पायनेच पाडला होता, घराच्या फाटकातून गाडी मागे घेताना. ती सायकलवरून उतरली. रेनकोटाच्या बाह्यांतून पाणी निथळत होतं. तिने काचेवर टकटक केली.

आत तिचा मुलगा अनुवत वाटीतल्या नूडल्स खात बसला होता. घास तोंडातच राहिला.

"आई," काच खाली घेत तो म्हणाला, "तू इतक्या लवकर कशी पोचलीस?"

"लवकर? म्हणजे मी कधी पोचणार होते ते तुला माहीत होतं."

"नाही, मी आपला... इकडे जरा काम होतं."

"लाम्पांगच्या माणसाचं या डोंगरात कसलं काम?"

तो वाटीत बघत राहिला. रम्पायने आत डोकावलं. मागच्या सीटवर तिच्या सायकलच्या मापाचं नवं टायर होतं, गुडघ्याला चोळायचा मलम होता, घडी घातलेले दोन टॉवेल होते.

"कधीपासून माझ्या मागे आहेस?"

"मागे नाही," अनुवत पुटपुटला. "पुढे."

तिला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा एवढ्या गारठ्यात तिचे कान तापले.

"त्या शाळेतल्या मास्तरांनी वर्ग उघडून दिला, झोपायला बाकं जोडून दिली..."

"मी सांगून ठेवलं होतं."

"रस्त्यात थांबवून लोंगानचा घोस हातात देणारी फळवाली?"

"तिलाही."

"आणि विहारातले भंते?"

"त्यांना सांगितलं, पण ते म्हणाले, न सांगताही जागा दिलीच असती."

"मग सांगितलंस कशाला?" रम्पायचा आवाज चिरकला. "आता मला कसं कळणार?"

त्या रात्री विहाराच्या ओसरीवरून तिने बहिणीला, बुआला, फोन केला होता. 'बुआ, माणसं अजून चांगली आहेत गं,' असं ती म्हणाली होती, आणि बुआ पलीकडून 'हो ना, हो ना' करत होती.

"बुआला ठाऊक आहे?"

अनुवतला वाटलं, आईचा राग आता उतरवता येईल. त्याने फोन पुढे केला. "बघ तरी, घरी सगळ्यांना किती कौतुक आहे तुझं."

घरच्या ग्रुपवर फोटोच फोटो होते, सगळे वरच्या वळणावरून काढलेले. धुक्यात पिवळा रेनकोट. पिवळा रेनकोट पाणी पिताना. पिवळा रेनकोट, मान खाली घालून सायकल ढकलत चालताना. त्या फोटोखाली बुआने टाळ्या वाजवणारे हात टाकले होते. त्याच संध्याकाळी रम्पायने तिला ठासून सांगितलं होतं की एकाही चढावर मी खाली उतरलेले नाही. बुआ म्हणाली होती, 'कमाल आहे बाई तुझी.'

रम्पायने फोन त्याच्या मांडीवर टाकला.

"मी बालवाडीतली पोर, आणि तुम्ही सगळे दाराआडून बघताय."

"आई, साठीला आलीस तू. इथे दरडी कोसळतायत. पडली असतीस म्हणजे?"

"पडले असते. पुढे?"

त्याने नूडल्सची वाटी बाजूला ठेवली.

"माझ्या वाटेवर माणसं पेरलीस तू, वत. वाटेत कोण भेटतं तेवढंच बघायला निघाले होते मी. तेवढंच. तेही तू आधी जाऊन ठरवून आलास." तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "पुढच्या मुक्कामी, खुन युआमला, कुणाला सांगितलंयस?"

"खानावळीतल्या ताईंना. गरम पाणी, आणि तुला आवडतं तसं माशाचं..."

"गाडी वळव."

"आई, पाऊस बघ."

"मी पावसातूनच आलेय. वळव."

"निदान टायर तरी ठेवून घे."

ती बाजूला झाली. पिकअप दोनदा मागेपुढे झाली, वळली, आणि ती चढून आली होती त्याच रस्त्याने खाली निघाली. तांबडे दिवे दिसेनासे झाले तरी ती उभी होती. इंजिनाचा आवाज बंद झाला तेव्हा ती सायकलवर बसली.

उतारावर ब्रेक किंचाळत होते. तिने अनुवतला शिव्या घातल्या, मग बुआला, मग त्या मास्तरांनाही, आणि ते बिचारे कदाचित मनापासूनच वागले असतील या विचाराने आणखी भडकली. खाली फाटा आला. सरळ रस्ता खुन युआमला जात होता. उजवीकडचा अरुंद होता, खडबडीत, आणि तो कुठे जातो ते लिहिलेली पाटी कधीच आडवी झाली होती. ती उजवीकडे वळली.

चढ सुरू झाला तशी लाल चिखलात चाकं रुतायला लागली. ती उतरून सायकल ढकलू लागली. प्रत्येक वळणाला तिची मान आपोआप वर जायची. वर कुणी नसायचं. आपण बघतोय याचीही तिला चीड आली.

अंधार पडायच्या आत एक दुकान लागलं. खाली किराणा, वर एक-दोन खोल्या. दारात एक जाडजूड बाई पोतेरं घेऊन उकिडवी बसली होती. तिने वर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खोली मिळेल?" रम्पायने विचारलं.

"मिळेल. गरम पाणी नाही. जेवण संपलंय, पाकिटातलं काय ते खा."

रम्पाय तिच्याकडे रोखून बघत राहिली. "तुला कुणाचा फोन आला होता का?"

"कसला फोन? टॉवर पडलाय कधीचा," बाई म्हणाली. "आणि मावशी, ती सायकल बाहेर. पायसुद्धा बाहेर. फरशी आत्ता पुसलीये मी."