विषय : एकी

ज्योतीराम दारात येऊन उभा राहिला तेव्हा भीमराज फोटोला काळं लावत होता.

पुढ्यात पाट, पाटावर फोटो, बोटांत बारीक कुंचला. फोटोतल्या कुणाच्या तरी हातातली पांढरी बशी तो टिंब टिंब करून काळी करत होता. चेहऱ्यांवर त्याचा डावा पंजा पालथा पडला होता.

"बशीकडंच नजर जाते," मान वर न करता तो म्हणाला. "माणसांकडं गेली पाहिजे."

"विषय काय ह्या आठवड्याचा?" ज्योतीरामला ठाऊक होतं. तरी विचारलं.

"एकी."

कंपनीच्या कॅमेरा क्लबचं असंच होतं. दर सोमवारी गेटच्या बोर्डावर विषय लागायचा. शुक्रवारी फोटो पेटीत टाकायचा. फोटोमागं माणसांची नावं आणि तिकीट नंबर लिहायचे, नाहीतर फोटो बाद. पेटीला सील. ती उघडायची थेट मुंबईच्या हेड ऑफिसात, इथल्या साहेबांनीसुद्धा आत डोकवायचं नाही. वशिला नको म्हणून! केवढी ती न्यायाची चाड.

पहिला विषय होता 'जेवणाची सुट्टी'. दुसरा 'गर्दी'. तिसरा 'मित्र'. तिन्ही वेळा बक्षीस भीमराजला. आणि तिन्ही वेळा फोटोतली माणसं पुढच्या सोमवारी गेटबाहेर. हुकूम मुंबईहून यायचा; चार कामगार एकत्र दिसले की मुंबईला त्यात युनियन दिसायची. लेबर ऑफिसर दिघे तो बोर्डाला चिकटवायचे, बस्स.

'मित्र'मध्ये ज्योतीराम होता. कामावरून काढल्याच्या कागदावर सही करताना मुंबईहून आलेल्या माणसाच्या टेबलावर त्यानं फोटोतला स्वतःचाच हसरा चेहरा बघितला होता. मग दिघ्यांच्या भैरूनं आपली माणसं आणून त्याला कॉलर धरून बाहेर फेकला. दिघ्यांनी पाळलेली टोळी ती. काम करायचं नाही, साहेबांच्या कँटीनमध्ये पांढऱ्या बशीतून चहा ढोसायचा आणि सांगतील त्याला ठोकायचं.

हे सगळं ज्योतीरामनं त्याच दिवशी भीमराजला सांगितलं होतं. डबा कॅमेरा भिंतीवर आपटायलाच निघाला होता तो.

आणि आज गुरुवारच्या सुट्टीला हा गडी निवांत बसून चौथा फोटो रंगवतोय.

"भीमा, देऊ नगंस हा फोटो."

"देणार."

"मंगळवारी युनियनच्या नोंदणीचा अर्ज जायचाय पुण्याला. सात सह्या लागतात. त्यातला एकजरी आधी कामावरून गेला तर समदं पाण्यात. तुला ठावं हाय."

"मलाच ठाऊक असणार. मीटिंग ह्याच घरात झाली."

"फोटोत किती जण हायेत?"

भीमराजनं कुंचला पाण्यात बुडवला. "सात."

चुलीपाशी बसलेली तानुबाई उठली. रहाटणीच्या त्या दीड खोलीत उठायलाही जागा नव्हती.

"भीमा, कुणाचा फोटू हाय त्यो?" तिनं विचारलं. "त्या सात जणास्नी म्या माझ्या हातानं भाकर वाढली हाय."

"आई, तू मधी पडू नको."

"मुंबईनं काय देतो म्हटलं?" ज्योतीराम ओरडला. "परमनंट करतो म्हटलं ना?"

"म्हटलं. चौथं बक्षीस आलं की परमनंट."

"सहा वर्षं बदलीवर राबलास आन् आता सात घरं इकून परमनंट होतोस व्हय?"

"बक्षीस येऊ दे की आधी," भीमराज म्हणाला. त्याच्या आवाजात ना राग, ना लाज. त्यानं फोटो पालथा केला आणि पेन्सिल घेतली. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'अर्ज करण्याआधी.' खाली एक, दोन, तीन, असे आकडे घातले.

ज्योतीरामनं झडप घातली. पाट उलटला, रंगाचं पाणी शेणाच्या जमिनीवर सांडलं. भीमराजनं फोटो सदऱ्यात कोंबला आणि छातीवर दोन्ही हात दाबून धरले. ज्योतीरामनं त्याच्या तोंडात भडकावली. ओठ फुटला. भीमराजनं हात उचलला नाही.

"सोमवारी ये गेटवर," तो रक्त पुसत म्हणाला.

"येतो. तुझा मुडदा पाडायला येतो."

"ये. पण यादी वाच आधी."

तानुबाई पोराकडं बघत राहिली. मग ज्योतीरामला म्हणाली, "जा बाबा तू. माझ्या घरातलं पानी आता बाटलं, पिऊ नगंस."

सोमवारी पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आधीच ज्योतीराम चिंचवडला गेटसमोर हजर होता. पिशवीत स्पॅनर होता. अर्जावर सही केलेला बाळाजी सायकल हातात धरून गर्दीत उभा होता. चेहरा राखेसारखा. "आलं राव आमचं," तो पुटपुटला. "मुंबईची तार आलीय म्हणे. सात जण."

भीमराज बोर्डाजवळ होता. ओठ अजून सुजलेला, गळ्यात कॅमेरा. ज्योतीरामनं पिशवीत हात घातला आणि सरळ त्याच्याकडं निघाला.

मध्ये भैरू आडवा आला. मागं त्याचे सहा जण, हातात काठ्या. दिघे अजून आले नव्हते. वॉचमननं नुकताच कागद चिकटवला होता, खळ ओली होती, आणि कागदाकडं बघायची भैरूला गरजच वाटत नव्हती.

"काय रे, तुझं तर कधीच झालंय, मग कशाला आलास?" भैरू हसला. "दोस्तांची नावं बघायला? बघ की." त्यानं ज्योतीरामची मान धरून त्याचं तोंड बोर्डावर दाबलं. "वाच. मोठ्यानं वाच, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

ज्योतीरामच्या डोळ्यांसमोर अक्षरं नाचली, मग थांबली. स्पॅनरवरची त्याची मूठ सुटली. त्यानं भीमराजकडं बघितलं. भीमराजनं कॅमेरा डोळ्याला लावला होता.

"वाच की भडव्या!"

"वाचतो," ज्योतीराम म्हणाला आणि त्यानं आवाज चढवला. "एक. भैरू दगडू शेवकर, तिकीट नंबर चारशे बारा."