महादेवरावांचा पटका

सूर्यभानचा उजवा खांदा निखळला तो आवाज कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसलेल्यांना ऐकू आला. ज्यांना ऐकू आला त्यांनी टाळ्या वाजवल्या.

अंजनगावची नागपंचमीची दंगल होती, सन एकोणीसशे सत्तावीसची. तेल्हाऱ्याच्या खुशालनं सूर्यभानला पालथा दाबला होता आणि तोच हात पाठीमागे धरून आणखी वर चढवत होता. सूर्यभानची पाठ काही मातीला लागत नव्हती, म्हणून कुस्ती संपत नव्हती. या आखाड्यात पैलवानानं ‘हरलो’ म्हणायचं नसतं. त्याच्या उस्तादानं डोक्यावरचा पटका हौद्यात टाकला की कुस्ती सुटते. सूर्यभानचे उस्ताद म्हणजे त्याचे वडीलच, महादेवराव. ते मांडी घालून स्वस्थ बसले होते.

मैनाबाई बायकांतून उठली. सूर्यभानची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासऱ्यासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. गर्दीतून वाट काढत ती त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली.

“मामाजी, पटका टाका.”

“बाईमानूस हौद्यापाशी येत नाही, सूनबाई. घरी जाय.”

“हाडवैद्य काय म्हने? हा खांदा अजून एकदा उतरला अन् असा ओढला, तं हात कायमचा जाईन. मंग पानमळा कोन पाहीन?”

“खांदा बसवता येते. हा पटका माह्या उस्तादानं बांधला. तीस वर्सं झाले, मातीले लागला नाही.”

आता या माणसाला काय सांगायचं? पोटचा पोरगा मातीत तोंड खुपसून गुरासारखा हंबरत होता आणि हे पटक्याची वर्षं सांगत होते. मैनाबाईनं पदर खोचला, सासऱ्याच्या डोक्यावरचा पटका उचलला आणि हौद्यात फेकला.

खुशालनं तेव्हाच हात सोडला. त्यालाही बरंच वाटलं असावं. हलगी थांबली.

सुटलो एकदाचे, असं मैनाबाईला वाटलं. तिला पंच ठाऊक नव्हते.

पाचही पंच डोकी जवळ करून बसले. खांद्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पटका पडला खरा, पण उस्तादाच्या हातून नाही. मग तो धरायचा की नाही, यावर त्यांचं घोडं अडलं. एकानं नबाबाच्या काळातली दंगल काढली. तिच्यात म्हणे एकाचा मणका मोडला होता, तरी पटका पडला नव्हता. दुसरा त्याच्याही मागे गेला. देवादिकांच्या कुस्त्या झाल्या तेव्हाही हाडं मोडलीच होती, असं त्यानं ठासून सांगितलं. जणू हा तिथं पंच होता. शेवटी त्यांनी खुर्चीवरच्या नायब तहसीलदारांना विचारलं. साहेबांनी रुमालानं मान पुसली. “तुमच्या रीतिरिवाजात हात घालावा असा नागपूरच्या सरकारचा हुकूम नाही,” ते म्हणाले.

तोवर सूर्यभान मातीत बसून होता. त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा चार बोटं खाली लोंबत होता. हाडवैद्याला बोलवा, असं मैनाबाई तिघांना म्हणाली. तिघांनीही आधी निकाल लागू दे म्हणून सांगितलं.

निकाल लागला. बाईच्या हातचा पटका धरता येत नाही. कुस्ती पुन्हा उभी लावावी.

“उठ, सूर्यभान,” महादेवराव म्हणाले.

आणि सूर्यभान उठला.

“तुमी काऊन उठून राहिले?” मैनाबाईनं हौद्याच्या कडेवरून विचारलं. “बसून राहा न. कोन काय करते तुमाले?”

“लोकं पाहून राहिले,” तो म्हणाला. तिच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

मैनाबाईला त्या वेळी नवऱ्याचा जेवढा राग आला, तेवढा सासऱ्याचाही आला नव्हता.

हलगी पुन्हा वाजायला लागली. खुशाल जागचा हलला नाही. “याचा हात उतरला हाये,” तो पंचांना म्हणाला. पंचांनी मानेनंच त्याला पुढे व्हायला सांगितलं. ‘तेल्हाऱ्याचं पाणी आटलं काय?’ असा मागून कुणी तरी टोमणा मारला. मग तो मुकाट्यानं हौद्याच्या मधोमध आला आणि रीतीप्रमाणे सलामीसाठी त्यानं उजवा हात पुढे केला.

सूर्यभाननं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं, तो हात उचलला आणि खुशालच्या हातात ठेवला.