कनाटा म्हणजे गाव

"कॅनडा हे नाव आमच्या भाषेतल्या 'कनाटा'वरून आलं. कनाटा म्हणजे गाव," संग्रहालयातल्या वयस्कर मूळनिवासी बाई सांगत होत्या. "वाट दाखवताना आमची माणसं गाव म्हणाली, गोऱ्यांनी अख्ख्या देशाला तेच नाव दिलं."

सुनेने मराठीत सांगितल्यावर तात्या खुलले. कॅनडात मुलाकडे येऊन दोन महिने झाले, तरी भाषेमुळे त्यांना कुणालाच गाव विचारता आलं नव्हतं. "विचार त्यांना, तुमचं गाव कोणतं?"

बाईंनी खिडकीबाहेरच्या नदीकडे बोट दाखवलं. मोठी जहाजं जाण्याइतकं पाणी खोल व्हावं म्हणून नदीवर धरण बांधलं, तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं होतं.

तात्या त्यांच्याजवळ सरकले. "आमचंही धरणातच गेलं. पण मे महिन्यात पाणी उतरलं की आम्ही सगळे जातो. ज्याने त्याने आपला उंबरा शोधायचा, गाळ पुसून हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. तुमचं पाणी कधी उतरतं?"

सुनेने अडखळत विचारलं.

बाईंनी बाहेर पाहिलं. एक लांबलचक जहाज चाललं होतं. "जहाजं यायची थांबली की," त्या म्हणाल्या.

ते जहाज सरेपर्यंत तात्या खिडकीशी उभे राहिले. त्याच्यामागे दुसरं होतं.